पाणबुडे वेगळ्या मातीचे असतात का?

दोस्तांनो, आधी एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, पेन्सिलसुद्धा लागणार नाही. दोन प्रकारची माणसं सांगतो, त्यांतले तुम्ही कोण ते मनातल्या मनात ठरवा. पहिल्या माणसाला पाणी आवडतं, पण वरवरचं. खाली काय दडलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दुसऱ्याला मात्र पाठीवर हवेची टाकी बांधून थेट तळाशी जाऊन यावंसं वाटतं. ठरलं? आता आई-बाबांना विचारा, त्यांच्या मते तुम्ही कोण? उत्तरं जुळली नाहीत तर भांडत बसू नका, लेख पुढे वाचा.

हा प्रश्न काही मी घरी बसून रचलेला नाही बरं का! मार्व्हिन झुकरमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची एक प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यात याच अर्थाच्या वाक्यांची एक जोडी आहे. त्या चाचणीकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी माझ्या मावशीबद्दल सांगायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळपास होडीतून नेऊन समुद्राखाली डुबकी घडवतात, ती 'स्कूबा डायव्हिंग'ची मजा घ्यायची हे मी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. मी म्हणजे कोण, तर गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला, सह्याद्रीतले पंचवीस-तीस किल्ले पायाखाली घातलेला गडी! मावशी आली होती ती केवळ आमच्या पिशव्या आणि चपला सांभाळायला. तिला पोहता येत नाही. तीस वर्षं बँकेत कॅशियर होती आणि तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं साहस म्हणजे मार्च महिनाअखेरची काउंटरसमोरची रांग.

होडीवरच्या मालवणी पोराने आम्हाला पाच-दहा मिनिटं शिकवलं. नाक काचेच्या मुखवट्यात बंद, श्वास फक्त तोंडाने. घाई करायची नाही. काही झालं तरी श्वास रोखायचा नाही. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. आणि या खुणांत एक गंमत आहे, ती नीट लक्षात ठेवा. अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून गोल केला की 'सगळं ठीक'. आपण एरवी 'मस्त!' म्हणून जो अंगठा वर करतो, त्याचा पाण्याखालचा अर्थ 'मला वर जायचंय'.

मी उतरलो. पाणी फार तर दोन पुरुष खोल असेल. पहिले चार श्वास झकास गेले. पाचव्याला मुखवट्याच्या कडेने थोडंसं, अगदी चमचाभर पाणी आत आलं आणि नाकाला लागलं. त्यानंतर माझं काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. छातीत धडधड, डोळ्यांपुढे फक्त बुडबुडे, आणि डोक्यात एकच विचार – वर! मी त्या पोराचा हात इतक्या जोरात ओढला की त्याच्या मनगटावर माझी नखं उमटली. वर आलो तेव्हा होडीतली मंडळी माझ्याकडे बघत होती. खाली जाऊन मला पुरता एक मिनिटही झाला नव्हता.

पैसे तर दोघांचे भरलेले. त्या पोराने मावशीला विचारलं, "काकी, तुम्ही येतास? काय एक जावचा नाय." आणि मावशी चक्क तयार झाली! पोहता न येणारी माझी मावशी त्याच्या हाताला धरून पाण्याखाली गेली आणि वीस मिनिटं वर आली नाही. आली ती हसत. "अरे, एक पट्टेरी मासा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघत होते. घाई दोघांनाही नव्हती," म्हणाली.

"मावशी, तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना! पोटात गोळाच आला होता. पण त्या मुलाने सांगितलं होतं, श्वास घेत राहा. म्हटलं, आधी तेवढं एकच काम नीट करू. मग बाकीचं बघू."

परतीच्या सबंध एसटी प्रवासात मी खिडकीबाहेर बघत होतो. गड चढणारा मी, आणि पिशव्या सांभाळणारी ती. मग पाण्याखाली उलटं कसं झालं? पाणबुड्या होणारी माणसं आणि न होणारी माणसं यांच्या स्वभावातच काही फरक असतो का? त्या दिवसापासून या विषयावरचं मिळेल ते मी वाचत गेलो. (एक सूचना: 'पाणबुडी' म्हणजे पाण्याखालून जाणारं जहाज, आणि 'पाणबुड्या' म्हणजे पाण्यात बुडी मारणारा माणूस. आपल्याला माणसाबद्दल बोलायचंय.)

चाळीस प्रश्नांची गंमत

आता त्या चाचणीकडे वळू. झुकरमन यांचं सुरुवातीचं संशोधन मोठं विचित्र होतं. अंधाऱ्या, आवाज न येणाऱ्या खोलीत माणसाला एकटं ठेवायचं आणि तो काय करतो ते बघायचं. काही जण तासन् तास पडून राहत, काहींना थोड्या वेळात वैताग येई. हा फरक आधीच ओळखता येईल का, या विचारातून त्यांनी १९६४ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे १९७८ मध्ये तिचं जे रूप आलं, त्यात वाक्यांच्या ४० जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतलं आपल्याला लागू पडणारं एक वाक्य निवडायचं. नव्या-नव्या अनुभवांची आणि थराराची तुम्हाला किती ओढ आहे, ते त्यावरून कळतं. याला आपण 'रोमांचाची ओढ' म्हणू.

ही ओढ एकाच प्रकारची नसते, हे झुकरमन यांनी दाखवलं. कुणाला उंचावरून उडी मारण्यात मजा वाटते. कुणाला नवी गावं, नवं खाणं, वेगळी माणसं हवी असतात. कुणाला नियम झुगारून धिंगाणा घालावासा वाटतो. आणि कुणी असे, की तेच ते काम दोनदा करावं लागलं की कंटाळून जातात. या चारही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. तुमच्या वर्गात चारही नमुने सापडतील, आत्ता नावंसुद्धा आठवली असतील!

पाणबुड्यांनी ही चाचणी सोडवली तेव्हा थरार आणि साहस या कप्प्यात त्यांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळतात असं दिसलं. झालं, म्हणजे उत्तर मिळालं? पाणबुडे म्हणजे थरारवेडे?

थांबा जरा. त्या चाळीस जोड्यांतली एक जोडी पाण्याखाली जाण्याबद्दलच आहे, हे विसरलात का? हे म्हणजे क्रिकेटच्या शिबिरात जाऊन 'तुम्हाला क्रिकेट आवडतं का?' असं विचारण्यासारखं झालं. एका जोडीने काही सबंध निकाल बदलत नाही हे खरं. पण थरार आवडणारी माणसं थरार वाटेल अशा खेळाकडे वळतात, हे कळायला प्रश्नावली कशाला हवी? ते तर माझ्या मावशीलाही माहीत आहे. शिवाय थराराची आवड मलाच जास्त होती, आणि धांदल उडाली तीही माझीच.

खरा मासा दुसऱ्याच जाळ्यात सापडतो. मानसशास्त्रज्ञ भीतीचे दोन प्रकार मानतात. गणिताच्या पेपराच्या दिवशी हातपाय गार पडतात, ती त्या वेळेपुरती काळजी. पेपर सुटला की ती गेली. पण काही मुलांना पेपर नसतानाही काळजी वाटत असते. बस चुकली तर? बाईंनी नाव घेतलं तर? दप्तरात वही नसली तर? ही काळजी म्हणजे स्वभावाचाच एक भाग. चार्ल्स स्पीलबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये या दोन्ही काळज्या वेगवेगळ्या मोजायची चाचणी तयार केली आणि ती आजही जगभर वापरतात.

नौदलाच्या पाणबुड्यांची अशा चाचण्यांनी तपासणी झाली, तेव्हा स्वभावातली काळजी त्यांच्यात सर्वसाधारण माणसांपेक्षा कमी आढळली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे विल्यम मॉर्गन यांनी तर हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. स्कूबा शिकायला आलेल्या नवख्या मंडळींची काळजी-चाचणी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच घेतली आणि कोण घाबरेल याचा अंदाज बांधला. अंदाज बहुतेकांच्या बाबतीत बरोबर आला! २००४ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण याच मॉर्गन यांना आणखी एक गोष्ट आढळली होती, आणि मला तीच जास्त आवडते. अनुभवी पाणबुड्यांना त्यांनी विचारलं, 'पाण्याखाली तुमची कधी घबराट उडाली आहे का, किंवा उडता उडता राहिली आहे का?' निम्म्याहून जास्त लोकांनी 'हो' असं उत्तर दिलं. ऐकलंत? निम्म्याहून जास्त! तेही अनुभवी!

मालवणच्या त्या होडीत हे कुणी मला सांगितलं असतं, तर परतताना मी खिडकीबाहेर बघत बसलो नसतो.

घाबरलं तर बिघडलं कुठे?

जमिनीवर आपण घाबरलो की पळतो, ओरडतो किंवा आईला हाक मारतो, आणि बहुतेक वेळा निभावून जातं. पाण्याखाली हे तीनही उपाय उपयोगाचे नाहीत. का ते कळण्यासाठी थोडं विज्ञान बघावं लागेल. नववी-दहावीच्या ताई-दादांना यातलं बरंच माहीत असेल.

'स्कूबा' हा शब्द इंग्रजीतल्या 'सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अॅपरेटस' या पाच शब्दांच्या आद्याक्षरांचा. म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याचं, स्वतःजवळच बाळगायचं साधन. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि इंजिनीअर एमिल गान्यां यांनी एक झडप तयार केली. खरी करामत त्या झडपेत आहे. तुम्ही श्वास ओढलात की ती टाकीतून हवा सोडते, आणि तीही आजूबाजूच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाने. समुद्रात दर १० मीटर खोल गेलं की आपल्या वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट. तिथला एक श्वास टाकीतली पृष्ठभागावरच्या दोन श्वासांइतकी हवा संपवतो. आता घाबरलेला माणूस कसा श्वास घेतो ते आठवा. भराभर! म्हणजे भीती वाढली की हवा संपते, आणि हवा संपत आली की भीती वाढते.

आणखी एक. दहा मीटरवर फुगा फुगवून गाठ मारली आणि तो वर आणला तर तो दुप्पट मोठा होईल. तुमची फुप्फुसंही तसेच दोन फुगे आहेत. खाली पूर्ण श्वास घेऊन, तो रोखून धरून कुणी झटकन वर आलं, तर आतली हवा फुगून फुप्फुसाला इजा होते. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम – श्वास कधीही रोखायचा नाही. पुष्कळ खोल जाऊन बराच वेळ राहिलेल्या माणसाचं दुखणं आणखी वेगळं. त्याच्या रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. सोड्याची बाटली फटकन उघडली की कशी फसफसते? तो एकदम वर आला तर रक्तात तसे बुडबुडे होऊ शकतात. बाटली हळूहळू उघडली तर फेस येत नाही, तसंच वर येतानाही सावकाश, मिनिटाला साधारण ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही.

'वर!' हा माझ्या डोक्यातला एकमेव विचार किती धोक्याचा होता, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मी दोनच पुरुष पाण्यात होतो आणि हात धरणारा जाणता होता, म्हणून आज लेख लिहितोय.

आणि म्हणूनच पाणबुड्यांच्या सवयी पाहिल्या तर त्या एखाद्या धाडसी वीराच्या वाटत नाहीत, हिशेबनीस काकांच्या वाटतात. उतरण्याआधी जोडीदाराची टाकी, पट्टे, नळ्या तपासायच्या, त्याने आपल्या तपासायच्या. रोज, प्रत्येक वेळी, शंभराव्या डुबकीलासुद्धा. पाण्याने भरलेल्या गुहांत जाणारे पाणबुडे तर हवेचे तीन भाग करतात. एक भाग जायला, एक यायला, आणि तिसरा अडचणीसाठी राखून. पहिला भाग संपला, की समोर सोन्याचा डोंगर दिसला तरी मागे फिरायचं! त्यांचा आणखी एक नियम मला फार आवडतो. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने 'आज नको' म्हणू शकतो. बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही, चिडवायचं तर नाहीच. आपल्या टोळीत कुणी 'मी नाही येत' म्हटलं, की आपण त्याला काय काय नावं ठेवतो ते आठवून पाहा.

थाम लुआंगची गुहा

या सगळ्याची सर्वांत अवघड परीक्षा झाली ती थायलंडमध्ये. तुमच्यातल्या मोठ्यांना ही बातमी आठवत असेल. २३ जून २०१८ रोजी फुटबॉलचा सराव संपवून ११ ते १६ वर्षांची १२ मुलं आणि त्यांचा २५ वर्षांचा मार्गदर्शक दादा, असे तेरा जण उत्तर थायलंडमधल्या थाम लुआंग या गुहेत शिरले. थोडं भटकून परत यायचा बेत होता. पण पाऊस कोसळला, गुहेत पाणी भरलं आणि वाट बंद झाली. मुलं आत-आत सरकत गेली.

थायलंडच्या नौदलाचे जवान आले, ठिकठिकाणच्या देशांचे तज्ज्ञ आले. पाणी उपसण्याच्या कामात मदतीला आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञही होते. पण आत जाऊन मुलांना शोधलं ते दोन इंग्रज पाणबुड्यांनी. रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थन ही त्यांची नावं. हे कुणी सिनेमातले नायक असतील असं वाटतंय? स्टॅन्टन हे साठीकडे झुकलेले निवृत्त अग्निशामक, आणि व्होलान्थन संगणकक्षेत्रातले सल्लागार. पाण्याने भरलेल्या गुहांत पोहणं हा दोघांचा छंद. छंद म्हणायचं एवढंच! २०१० साली स्पेनमधल्या एका गुहेत आणखी दोन साथीदारांबरोबर ते पाण्याखालून जवळजवळ ९ किलोमीटर आत गेले होते.

२ जुलैला, तोंडापासून सुमारे ४ किलोमीटर आत, ते एका कपारीपाशी वर आले आणि त्यांना तेरा जण जिवंत दिसले. सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. हे दोघे मात्र मनातून काळजीत होते. त्याचं कारण काही दिवसांपूर्वी घडलेला एक प्रसंग. पाणी उपसणारे चार कामगार गुहेत अडकलेले या दोघांना सापडले होते. त्यांना बाहेर आणायला पाण्याखालून अगदी थोडं अंतर जायचं होतं. धडधाकट, मोठी माणसं ती. तरीही डोकं पाण्याखाली जाताच त्यांची घबराट उडाली आणि वाचवणाऱ्याशीच त्यांची झटापट सुरू झाली. (हे वाचताना मला त्या मालवणी पोराचं मनगट आठवलं.) मोठ्यांचं थोड्याशा अंतरात हे झालं, तर मुलांना तासन् तास गढूळ पाण्याखालून, काही दिसत नसताना, अरुंद भेगांतून कसं आणायचं? एक मूल जरी घाबरलं, तरी त्याचा आणि त्याला आणणाऱ्याचा, दोघांचाही जीव जाईल. जोखीम किती मोठी होती बघा, ६ जुलैला हवेच्या टाक्या आत ठेवून परतताना समन कुनान हा नौदलाचा माजी जवान मरण पावला.

आता एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ही मुलं काही घाबरट नव्हती. त्यांचा दादा पूर्वी बौद्ध मठात राहिलेला होता. त्याने त्यांना काळोखात ध्यान करायला शिकवलं होतं. खायला काही नसताना नऊ दिवस ती शांत राहिली. माझ्याच्याने हे झालं असतं का? मुळीच नाही. तरीही त्यांना पाण्याखालून जागेपणी आणता येणार नाही, असं त्या पाणबुड्यांचं स्पष्ट मत होतं. कारण पाण्याखालची शांती ही वेगळीच चीज आहे. ती दोन दिवसांत कुणाला शिकवता येत नाही.

मग त्यांनी ऑस्ट्रेलियाहून डॉ. रिचर्ड हॅरिस यांना बोलावलं. हे शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला भूल देणारे डॉक्टर, आणि स्वतः गुहेतले पाणबुडे. दोन्ही विद्या एकाच माणसाकडे! त्यांच्याबरोबर आले त्यांचे मित्र क्रेग चॅलेन, हे प्राण्यांचे निवृत्त डॉक्टर. मुलांना इंजेक्शनने झोपवायचं, तोंडावर पूर्ण झाकणारा मुखवटा बांधायचा आणि एकेका पाणबुड्याने एकेका मुलाला सामानासारखं घेऊन यायचं, असा बेत ठरला. वाटेत मूल जागं व्हायला लागलं तर पुन्हा इंजेक्शन. हॅरिस यांना स्वतःलाच हा बेत यशस्वी होईल असं वाटत नव्हतं. पण गुहेतला प्राणवायू कमी होत चालला होता आणि आणखी पाऊस यायचा होता.

८, ९ आणि १० जुलै असे तीन दिवस हे काम चाललं. शेवटच्या दिवशी क्रिस ज्यूएल या पाणबुड्याच्या हातून वाट दाखवणारी दोरी सुटली. डोळ्यांसमोर काही दिसत नाही, एका हातात झोपलेला मुलगा, आणि दोरी गेली! तुम्ही-मी काय केलं असतं? जीव खाऊन हातपाय मारले असते. ज्यूएलने चाचपडत चाचपडत शोध घेतला. हाताला एक विजेची तार लागली. तिला धरून तो पुढे गेला, तर आधीच्याच दालनात परत पोचला. मग तो तिथेच मुलाला घेऊन थांबून राहिला. मागून डॉ. हॅरिस आले आणि त्या मुलाला पुढे घेऊन गेले. तेरांपैकी तेरा जण जिवंत बाहेर आले.

व्होलान्थन यांनी पूर्वी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की गुहेतल्या पाणबुड्याला थरार आणि धडधड मुळीच परवडत नाही, अंगात जोश चढला की घात. झुकरमन यांच्या चाचणीत या माणसाला किती गुण मिळतील कोण जाणे!

आधी कोंबडी की आधी अंडं?

म्हणजे शांत माणसं पाणबुडे होतात, की पाणबुडा झाल्यावर माणूस शांत होतो? इथे चाचण्यांचा एक मोठा घोटाळा आहे. समजा, तुम्ही सकाळी दादरला गर्दीच्या लोकलमध्ये चढलेल्या माणसांची पाहणी केलीत आणि लिहिलंत, 'मुंबईकर धक्काबुक्कीत पटाईत असतात.' पण ज्यांना चढताच आलं नाही ते फलाटावरच राहिले, त्यांना तुम्ही विचारलंच नाहीत! पाणबुड्यांचंही तसंच. जे पहिल्याच डुबकीला घाबरले त्यांनी नाद सोडला. वर्षानुवर्षं टिकले त्यांच्याच चाचण्या झाल्या. मग पाणबुडे शांत निघाले यात नवल काय? नौदलात तर घाबरणाऱ्याला आधीच वगळतात.

तरी थोडंसं उत्तर पाणबुड्यांच्या शिक्षणातच मिळतं. स्कूबाच्या पूर्ण अभ्यासक्रमात मुखवट्यात मुद्दाम पाणी भरायला लावतात आणि नाकातून हवा सोडून ते बाहेर काढायला शिकवतात. तोंडातली नळी काढून पुन्हा बसवायची. जोडीदाराच्या टाकीतून श्वास घ्यायचा. हे सगळं आधी उथळ पाण्यात, उभं राहिलं तर डोकं वर येईल अशा ठिकाणी. दहा वेळा, वीस वेळा, कंटाळा येईपर्यंत. ज्याची भीती वाटते तेच इतक्या वेळा केलं की ते पाढ्यांसारखं होतं. सात सत्ते किती, हे सांगताना तुम्हाला धडधडतं का?

यात पालकांसाठी एक-दोन गोष्टी. बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्था वयाच्या दहाव्या वर्षापासून मुलांना असं शिक्षण देतात, तेही मोठ्यांच्या सोबतीने आणि कमी खोलीपर्यंत. दमा, कानाचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. आणि मुलगा किंवा मुलगी 'नको' म्हणाली, तर पाणबुड्यांचा तो नियम घरीही पाळावा. 'पैसे भरलेत, आता उतर' हे वाक्य होडीत फार ऐकू येतं.

मी मात्र पुढच्याच वर्षी पुण्यात एका तलावावर रीतसर शिकायला गेलो. चमचाभर पाण्याने माझी फजिती केली होती, म्हणून सरांनी मला मुखवट्यात पाणी भरायलाच लावलं. पहिल्या दिवशी आठ वेळा उठून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. शेजारच्या गल्लीत लहान मुलं पोहत होती, ती माझ्याकडे बघून खिदळत होती. चौथ्या दिवशी उभं राहावंसं वाटलं नाही.

मग पुन्हा मालवण, पुन्हा तोच पोरगा, आणि या वेळी मावशी माझ्याबरोबर खाली. मुखवट्यात पाणी आलं. मी नाकातून हवा सोडली, पाणी गेलं. पोवळ्यांच्या दगडापाशी पट्टेरी माशांचा थवा माझ्या नाकासमोर येऊन थांबला. सूर्याचे कवडसे खालपर्यंत उतरले होते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी त्या पोराकडे वळलो आणि जोरात अंगठा वर केला.

त्याने लगेच माझा दंड धरला आणि सावकाश, शिस्तीत मला वर घेऊन आला. मावशी दुसऱ्या मुलाचा हात धरून आणखी पंधरा मिनिटं खालीच होती.